चढ पळत, उतार गाडीत: साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनमधल्या एका रनरचं प्रकरण

हे प्रकरण माझंच आहे, पण प्रकरण म्हणूनच लिहितोय, म्हणजे काय ठरवलं, कुठे ठरवलं, त्याचं काय झालं हे क्रमाने. सोबतच्या लोकांची नावं टाकली नाहीत. घाटात पळणाऱ्या, खासकरून पहिल्यांदा किंवा दुसऱ्यांदा पळणाऱ्या कुणाला याचा उपयोग व्हावा एवढंच मनात आहे, कारण मला हे आधी कळलं असतं तर माझा एक अख्खा सीझन वाचला असता.

पार्श्वभूमी

वय ४३, नोकरी बसून, घर शाहूपुरीत. पळायला लागून चार वर्षं झाली, सुरुवात डॉक्टरांनी शुगर बॉर्डरला आहे म्हणून सांगितलं तेव्हा. सपाटीवरच्या हाफमध्ये माझं बेस्ट २ तास २ मिनिटं आहे. साताऱ्याची हिल हाफ ज्यांनी पळली नाही त्यांच्यासाठी सांगतो, पोवई नाक्यापासून निघायचं, राजवाडा, समर्थ मंदिर करत बोगद्याजवळ यायचं, तिथून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं आणि वरून टर्न मारून त्याच रस्त्याने परत खाली. अंतर २१ किलोमीटरच्या वर थोडं. जाताना जवळजवळ सगळा चढ आणि येताना जवळजवळ सगळा उतार, त्यामुळे ही एक रेस नसून दोन वेगळ्या रेस एकाला एक जोडलेल्या आहेत असं मला आता वाटतं. वातावरण पावसाळी, घाटात धुकं, अंगावर भुरभुर, म्हणजे उन्हाची तक्रार करायला जागाच नसते.

मागच्या वर्षी पहिल्यांदा पळलो तेव्हा टर्नला ७८ मिनिटं लागली होती आणि उतरायला ६६ मिनिटं १० सेकंद, एकूण २:२४:१०. घाबरत घाबरत पळालो होतो, चढात तर चक्क चालत होतो बऱ्याच ठिकाणी. तेव्हाच ठरवलं की पुढच्या वर्षी २:१५. कागदावर गणित असं मांडलं: वर जायला ७२, खाली यायला ६३. मागच्या वर्षी सगळा वेळ चढात गेला असं वाटत होतं, म्हणून या वर्षी सगळी तयारी चढाची करायची. इथेच पहिली गडबड झाली, पण ती कळायला पुढे बरेच महिने गेले.

अडचण कशी तयार होत गेली

जूनपासून १४ आठवडे तयारी केली. मंगळवारी अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याला किंवा चार भिंतीकडे चढाचे रिपीट म्हणजे तोच चढ पुन्हा पुन्हा, गुरुवारी शाहू स्टेडियमच्या मैदानावर हलकं पळणं, रविवारी घाट. आमचा सात-आठ जणांचा ग्रुप आहे. रविवारी पहाटे बोगद्याजवळ जमायचो, पळत यवतेश्वरच्या पुढेपर्यंत जायचो आणि मागून ग्रुपमधला एकजण त्याची ओम्नी घेऊन यायचा. वर चहा, आणि मग सगळे ओम्नीत बसून खाली. कारण विचाराल तर एकच, गुडघे. उतारावर पळालं की गुडघे जातात हे आमच्यात प्रत्येकाने कुणाकडून तरी ऐकलेलं, आणि चाळिशीच्या माणसाला गुडघ्याची भीती घातली की तो दुसरा प्रश्न विचारत नाही. शिवाय घरी लवकर पोचायचं असतं, रविवारची कामं असतात.

ग्रुपमध्ये एक रिटायर्ड शिक्षक आहेत, आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणतो, वय ६१. ते एकटेच ओम्नीत बसायचे नाहीत. सावकाश, बारीक बारीक पावलं टाकत पळत खाली यायचे. जुलैमध्ये एकदा त्यांनी मला खिडकीतून हटकलं होतं.

"काय रे, तू का बसलायस आत?"

"आप्पा, गुडघे सांभाळतोय. रेसच्या दिवशी उतरायचंच आहे की."

"रेसच्या दिवशी उतरायचंय म्हणूनच आज उतर म्हणतोय मी. चढ दमवतो, उतार मोडतो बघ. पायाला माहीत तर हवं."

मी हसून "पुढच्या रविवारी नक्की" म्हणालो आणि दार ओढून घेतलं. ओम्नीचं ते दार ओढल्याचा आवाज मला आजही आठवतो, कारण माझ्या हिशोबाने रेस तिथे हातची गेली. १४ आठवड्यांत मी घाट ११ वेळा चढलो आणि पळत एकदाही उतरलो नाही.

मांडीत नेमकं काय होतं

हे मला नंतर कळलं, एका फिजिओ मॅडमनी समजावलं आणि मग मी स्वतः वाचत बसलो. चढताना मांडीचा स्नायू आखडत आखडत जोर लावतो. उतरताना उलटं, प्रत्येक पावलाला गुडघा वाकतो, मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतो आणि त्याच वेळी त्याला शरीराचं वजन अडवून धरायचं असतं. म्हणजे ब्रेक लावायचं काम. ताणला जाताना जोर लावणारा स्नायू आतून बारीक बारीक फाटतो, आणि गंमत अशी की त्या वेळी दम फारसा लागत नाही, त्यामुळे नुकसान चाललंय हे कळतच नाही. रनर्सवर झालेल्या एका अभ्यासात ९ अंशांच्या उतारावर पाय आदळण्याचा जोर सपाटीपेक्षा ५४ टक्के आणि ब्रेक लागण्याचा जोर ७३ टक्के जास्त मोजला गेलाय. आपला घाटाचा डांबरी रस्ता तेवढा तीव्र नाही, पण सलग कित्येक किलोमीटर तो आहे, हजारो पावलं.

आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, स्नायू हे शिकतो. एकदा उतारावर पळून मांड्या दुखल्या की पुढचे काही आठवडे तसाच उतार पुन्हा पळाला तर दुखणं आणि नुकसान दोन्ही बरंच कमी होतं. एका वेळेचासुद्धा फरक पडतो. म्हणजे मी ११ रविवारांपैकी दोन-तीन रविवार जरी पळत उतरलो असतो तरी चित्र वेगळं असतं. मॅडमनी हे सांगितल्यावर मी दोन मिनिटं गप्प बसून राहिलो होतो.

टर्नवरचा निर्णय

रेसच्या दिवशी चढ अप्रतिम गेला, हे मी मनापासून सांगतो. समर्थ मंदिरापाशी बायको आणि मुलगी उभ्या होत्या, मुलीने पुठ्ठ्यावर स्केचपेनने "बाबा २:१५" लिहिलेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक, ढोल, लहान पोरं टाळ्या द्यायला हात पुढे करून उभी, आपल्या साताऱ्याची ही गोष्ट मला फार आवडते, अनोळखी माणसं नाव नंबर काही माहीत नसताना ओरडून बळ देतात. घाटात मी एकदाही चाललो नाही. टर्नला घड्याळात ६९:४० म्हणजे ठरलेल्यापेक्षा २ मिनिटं २० सेकंद आधी.

तिथे माझ्यासमोर तीन पर्याय होते. पहिला, ठरल्याप्रमाणे किलोमीटरला सहा मिनिटांच्या आसपास उतरायचं, २:१३ नाहीतर २:१४ आरामात. दुसरा, पहिले दोन किलोमीटर मुद्दाम सव्वासहाने जायचं, पाय कसे आहेत बघायचं आणि मग ठरवायचं. तिसरा, उतार आहे, दम आहे, सोडून द्यायचं. पाणी पिताना मी डोक्यात हिशोब केला की पाच-दहाच्या पेसने, म्हणजे किलोमीटरला पाच मिनिटं दहा सेकंदांनी गेलो तर २:०५ च्या आत होतं. २:०५! घाटात! मागच्या वर्षीपेक्षा १९ मिनिटं कमी. दुसरा पर्याय मी आत्ता लिहिताना लिहिलाय, त्या क्षणी तो खरं तर डोक्यात आलाच नव्हता. मी तिसरा घेतला.

आणि पुढचे साडेचार किलोमीटर मी आयुष्यात कधी पळालो नाही इतकं सुंदर पळालो. धुकं विरळ झालेलं, वळणावर खाली सगळं सातारा शहर आणि समोर अजिंक्यतारा, एकेक माणूस मागे पडतोय. १५ व्या किलोमीटरला घड्याळ १:३२:४०. नंतर घड्याळातला डेटा बघितला तेव्हा कळलं की माझी मिनिटाला पडणारी पावलं एरवी १६८ असतात ती इथे १५८ वर आली होती. म्हणजे मी लांब लांब टांगा टाकत होतो, टाच पुढे आपटत होतो, प्रत्येक पावलाला पूर्ण ब्रेक.

१५ व्या किलोमीटरनंतर

बोगदा अजून दोनेक किलोमीटर खाली असताना आधी डाव्या मांडीत काहीतरी फडफडल्यासारखं झालं. कातडीखाली मासा हलावा तसं. मग उजव्या मांडीत. पन्नास पावलांत दोन्ही मांड्यांत गोळे आले आणि मी रस्त्याच्या कडेच्या कठड्याला धरून उभा राहिलो. गुडघा वाकवला की मांडी दगडासारखी, सरळ केला की पोटरीत गोळा.

इथे पुन्हा पर्याय. थांबून मागून येणाऱ्या अँब्युलन्सला हात करायचा, जमेल तसं चालत जायचं, किंवा स्ट्रेच करून पुन्हा पळायला बघायचं. एका स्वयंसेवक मुलाने धावत येऊन स्प्रे मारला, मीठ घातलेलं लिंबूपाणी दिलं, "काका बसा थोडं, घाई नाही" म्हणाला, त्या पोराचे उपकार आहेत माझ्यावर. शेजारी बसलेल्या एका रनरने स्वतःच्या पाऊचमधली पेनकिलर पुढे केली. मी ती घेतली नाही, आणि आख्ख्या दिवसात मी घेतलेला हा एकच निर्णय मला पूर्ण बरोबर वाटतो. घाम गेलेला, दीड तास पळून झालेला, अशा वेळी त्या प्रकारच्या गोळ्यांनी किडनीवर जादाचा ताण येऊ शकतो हे मला आधीपासून माहीत होतं, आणि दुखणं दाबून मी पुन्हा उतारावर धावलो असतो तर स्नायू आणखी फाटला असता.

मी चालायचं ठरवलं. शंभर पावलं चाल, वीस पावलं हळू पळ, गोळा आला की थांब. एक गोष्ट मी तेव्हाच पाहिली, घड्याळात हार्टबीट १२८. म्हणजे दम अजिबात गेला नव्हता, मी शेजारच्याशी आरामात गप्पा मारू शकत होतो, पण पाय माझे राहिले नव्हते. ही खूण फार महत्त्वाची आहे, कारण नंतर ग्रुपमध्ये निम्म्या लोकांचं म्हणणं पडलं की तू चढात जोरात गेलास म्हणून संपलास. थोडं खरं असेलही, दोन मिनिटं मी आगाऊ खर्च केलीच होती. पण चढात संपलेला माणूस धापा टाकतो, त्याची हार्टबीट खाली येत नाही, आणि तो टर्ननंतर साडेचार किलोमीटर पाच-दहाने उतरूही शकत नाही. मिठाचं म्हणाल तर हवा गार होती आणि मी वर जाताना दोन ठिकाणी मीठ-साखरेचं पाणी प्यायलो होतो, आणि लिंबूपाण्यानंतरही गोळे येतच राहिले. मला तरी हे दमलेल्या, फाटलेल्या स्नायूचंच काम वाटतं.

समर्थ मंदिरापाशी मुलगी तोच पुठ्ठा घेऊन उभी होती. मला चालताना बघून तिने तो उलटा केला आणि काही न बोलता राजवाड्यापर्यंत फुटपाथवरून माझ्या बरोबरीने चालली. तिथे तिने विचारलं, "बाबा, दुखतंय का खूप?" मी हो म्हणालो. ती म्हणाली, "मग हळू जा, आम्ही पुढे येतो." यापेक्षा जास्त काही बोलणं झालं नाही पण शेवटचे तीन किलोमीटर मी त्या वाक्यावर काढले.

निकाल

एकूण २:२८:५०. टर्नपर्यंत ६९:४०, परत यायला ७९:१०. मागच्या वर्षीपेक्षा चढात ८ मिनिटं २० सेकंद कमावली आणि उतारात १३ मिनिटं घालवली, म्हणजे १४ आठवडे घासून ४ मिनिटं ४० सेकंदांनी मागे गेलो. मेडल गळ्यात पडलं तेव्हा आनंद झाला नाही हे खरंच सांगतो, त्या मेडलबद्दल वाईट वाटलं उलट.

सोमवारी ऑफिसचा दुसरा मजला. चढताना काही नाही, उतरताना कठडा दोन्ही हातांनी धरून उलटं, पाठमोरं उतरावं लागलं. मंगळवारी त्याहून वाईट, हे दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच जास्त असतं. घरी बायकोने शेकायला पाणी तापवलं पण मी आधी दुसरी एक गोष्ट बघत होतो, लघवीचा रंग. इतका स्नायू फाटल्यावर लघवी काळ्या चहासारखी गडद झाली तर स्नायूतली घाण किडनीत चाललीय असा अर्थ असू शकतो, आणि मग घरी थांबायचं नाही, थेट दवाखाना. मला तसं काही झालं नाही. पाचव्या दिवशी जिने नीट उतरता आले, नवव्या दिवशी दोन किलोमीटर पळून बघितलं, पायात जोर असा नव्हताच. दुखणं गेलं म्हणजे ताकद आली असं नसतं, हे त्या दिवशी समजलं.

त्यानंतर काय केलं

आप्पांकडे गेलो. ते "सांगितलं होतं ना" म्हणाले नाहीत, खुर्ची सरकवली आणि म्हणाले, "आता दोन आठवडे घाट विसर, मग येऊ आपण."

तिसऱ्या आठवड्यापासून असं ठरवलं की ओम्नी वर जाताना वापरायची आणि उतार पळायचा. पहिल्यांदा फक्त दोन किलोमीटर, किलोमीटरला सात मिनिटांनी, आप्पांच्या मागे मागे त्यांच्या पावलात पाऊल टाकत. ते सारखे म्हणायचे, "आवाज करू नको." पाय रस्त्यावर आपटल्याचा आवाज आला की पाऊल लांब पडलंय असं समजायचं. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखल्या, पण जिना सरळ उतरलो. दहा दिवसांनी तीन किलोमीटर. मग चार, मग सहा, मधे दहा-बारा दिवसांचं अंतर ठेवूनच, कारण घाईने स्नायूला भरून यायला वेळ मिळत नाही. सोबत घरी जिन्याच्या पायरीवर एका पायावर सावकाश खाली जायचं, चार आकडे मोजत, दहाचे तीन सेट, आठवड्यातून दोनदा. फिजिओ मॅडमनी गुडघेही तपासले. त्या म्हणाल्या की गुडघ्याला काही झालेलं नाही, आणि मांडी तयार असेल तरच गुडघ्यावरचा भार कमी होतो. म्हणजे गुडघे वाचवायला आम्ही जे करत होतो त्याने गुडघे वाचतच नव्हते.

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे साडेपाचला पोवई नाक्यावरून मी आणि आप्पा निघालो. तोच रूट, आपले आपण, रस्ता बंद नाही की पाण्याचे स्टॉल नाहीत, कमरेला बाटली. कासची फुलं संपलेली त्यामुळे गाड्यांची गर्दी कमी होती. वर जाताना मुद्दाम हात आखडता घेतला, ७४:३०. टर्नवर थांबून एक खजूर खाल्ला आणि पहिले दोन किलोमीटर सव्वासहाने, म्हणजे रेसला जो पर्याय डोक्यात आला नव्हता तोच. १५ व्या किलोमीटरला, त्याच कठड्यापाशी, नकळत मांडीकडे हात गेला. काही नव्हतं. उतरायला ६४:२०, एकूण २:१८:५०.

काय वेगळं करता आलं असतं

जुलैत त्या दाराशी खाली उतरायला हवं होतं, हे तर आलंच. पण मला जास्त लागतं ते टर्नचं. समजा तयारीत चूक झालीच होती, तरी टर्नवर मला माहीत होतं की मी या वर्षी एकदाही उतार पळालेलो नाही. ही माहिती माझ्याकडे होती. मी वाचलेली २ मिनिटं २० सेकंद बघितली आणि ही माहिती बघितली नाही. तिथे सहाच्या पेसला धरून राहिलो असतो तर गोळे कदाचित आलेच असते, पण बोगद्याच्या खाली, सपाटीच्या जवळ आले असते आणि मागच्या वर्षीचा टाइम तरी हातात राहिला असता असं मला वाटतं.

दुसरं म्हणजे रेसच्या आधी तीन-चार आठवडे एक मोठा उतार पळायला हवा होता आणि शेवटच्या दोन आठवड्यांत एकही नाही. हे आता ग्रुपच्या कागदावर लिहून ठेवलंय. तिसरं, प्लॅन करताना मी ७२ आणि ६३ असे दोन आकडे लिहिले पण पहिल्या आकड्यासाठी ११ रविवार दिले आणि दुसऱ्यासाठी शून्य, हे कुणीतरी कागद बघून मला विचारायला हवं होतं, किंवा मीच आप्पांना कागद दाखवायला हवा होता.

नोव्हेंबरमध्येही एक गोष्ट राहिली. १७ व्या किलोमीटरनंतर, समर्थ मंदिराच्या अलीकडे, डावी मांडी जड व्हायला लागते आणि पेस पंधरा-वीस सेकंदांनी पडतो. उजवीला तसं होत नाही. मॅडमनी डाव्या पायाचे सेट वाढवून दिलेत. २:१५ अजून झालेलं नाही. मुलीने तो पुठ्ठा टाकून दिलेला नाही, कपाटामागे उभा करून ठेवलाय. आणि रविवारी ओम्नी आता वर येते ती फक्त चहाचा थर्मास आणि स्वेटर घेऊन, खाली जाताना तिच्यात चालवणाऱ्याशिवाय कुणी बसत नाही.